नाव ठेवताना

जुने दाखले, वंशावळी चाळल्या की धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं हमखास भेटतात. मुलाचं कौतुक नव्हतं म्हणून ती पडली नाहीत. कौतुक फार होतं, भीती त्याहून जास्त होती. आधीची मुलं दगावलेली असायची. पाठच्याला दगडधोंडा म्हटलं की मृत्यूची नजर त्याच्यावर ठरणार नाही, अशी समजूत.

खुदीराम बोस १८८९ साली जन्मले, तेव्हा त्यांचे दोन भाऊ आधीच गेले होते. म्हणून आईनं हे पोर त्याच्या मोठ्या बहिणीला विकलं. किंमत तीन मुठी खुद, म्हणजे कण्या. तमिळ घरांतल्या कुप्पुस्वामीच्या आणि तेलुगू घरांतल्या पेंटय्याच्या नावात केर आणि उकिरडा आहे, तोही याच भीतीपोटी. प्रांत बदलला, भाषा बदलली, तरी आई तेच सांगते आहे: हे मूल माझं नाही, टाकाऊ आहे, याला नेऊ नकोस. इतकं मायेचं खोटं माणसाच्या तोंडून क्वचितच निघालं असेल.

मुलींच्या नावांपाशी आलं की मात्र मन घट्ट करावं लागतं. आपल्याकडची नकुशा, बंगालमधली आन्नाकाली, तमिळनाडूतली वेण्डाम. ही नावंही वरकरणी तशीच, नाकारणारी. पण इथला नकार मृत्यूला नव्हता, मुलीलाच होता. कुणाला फसवायचं नव्हतं. जे मनात होतं तेच ओठांवर आलं आणि पुढचा तरी मुलगा होऊ दे, हा नवस त्या एवढ्याशा जिवाच्या गळ्यात बांधला गेला.

बारशाला पाळणा सजतो, घुगऱ्या वाटल्या जातात. आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्र करते, आणि जमलेल्या बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. मूल त्या क्षणी माणसांत येतं. त्याच कानात 'नकुशा' सांगायचं? धोंडूला मोठेपणी आपल्या नावाची गोष्ट ऐकायला मिळते, तीही लाडाची. नकुशानं ती कुणाला विचारायची? तिला तर रोज हजेरीला त्याच नावाला 'हजर' म्हणायचं असतं.

ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींची अशी नावं समारंभानं बदलली गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. तेव्हा नाव बदललं म्हणून घर बदललं, असं मी म्हणणार नाही. गोंडस नावाची तिसरी मुलगीही नकोशी असू शकते. तरीही तो समारंभ मला मोलाचा वाटतो, कारण मुलींना नवं नाव स्वतः निवडता आलं. आपलं नाव आपण निवडणं हा हक्क बारशाच्या पाळण्यात कुणालाच नसतो. त्यांना तो मिळाला, उशिरा का होईना.

हरियाणातल्या अंतिम पंघालनं मात्र नाव बदललं नाही. ती चौथी मुलगी. यानंतर मुलगी नको, म्हणून अंतिम. २०२२ साली वीस वर्षांखालील जागतिक कुस्ती स्पर्धेत सोनं जिंकणारी ती पहिली भारतीय मुलगी ठरली, आणि पुढच्या वर्षी ते तिनं राखलं. तिच्यासाठी मोठ्या बहिणीची कबड्डी आणि वडिलांची जमीन मागे पडली, असं तिचं घर सांगतं. ज्यांनी नाव ठेवलं, त्यांनीच.