हजाराचा घोडा

आमच्या घरात अकरा कॅमेरे आहेत आणि भिंतीवर लावण्याजोगा फोटो एकही नाही. हे वाक्य माझं नाही, सौभाग्यवतींचं आहे. पण हिशेबात चूक नाही, म्हणून मी ते तसंच जमेला धरतो.

कॅमेरे म्हणजे घडीचे. बंद असले की जाडसर पाकिटासारखे चपटे. बटण दाबलं की झाकण उघडतं, आतून काळा भाता पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला भिंग उभं राहतं. आग्फाची आयझोलेट, फोग्टलेंडरची बेसा, झाइस इकॉनची इकोंटा, अशी ही जर्मन मंडळी आमच्या कपाटात साड्यांच्या खालच्या कप्प्यात भाडं न देता राहतात. सगळ्यांचं वय माझ्याहून जास्त. भाता तर थेट बाजाच्या पेटीच्या भात्याचा धाकटा भाऊ, आणि म्हातारपणी त्याला तीच व्याधी होते : भोकं पडतात. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी फिल्मवर उजेड सांडतो. त्याची परीक्षा अशी की खोलीत पूर्ण अंधार करायचा आणि भात्यात टॉर्च घालून बाहेरून पाहायचं. एका रात्री मी असा बसलो होतो आणि आयझोलेटच्या कोपऱ्याकोपऱ्यातून चांदण्या लुकलुकत होत्या. ही दारात येऊन उभी राहिली. "अहो, पत्रिका पाहताय की काय?" एवढंच म्हणाली. तो भाता शेवटी पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ठिगळं लावून दिला. त्याने आधी गंभीरपणे विचारलं होतं, "सूर कुठला हवाय?"

ह्या कॅमेऱ्यांना १२० नंबरची फिल्म लागते. ती कोडॅकने १९०१ साली काढली आणि अजून मिळते. माझ्या मोठ्या कॅमेऱ्यात एका रोलवर फोटो येतात आठ. पाठीमागे एक लाल खिडकी असते. फिल्मच्या कागदावरचा आकडा तिच्यात दिसेपर्यंत चावी फिरवायची. फिरवायला विसरलात तर एकावर एक दोन फोटो. एकदा माझ्या मेहुणीच्या कपाळातून अख्खा शनिवारवाडा उगवला होता. ते घराणं अजून माझ्याशी मोजकंच बोलतं.

आता तुम्ही म्हणाल, मोबाइलमध्ये चार हजार फोटो मावत असताना हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर, चार हजार मावतात म्हणूनच. आठच आहेत म्हटल्यावर माणूस महिन्याच्या शेवटच्या आठवड्यासारखा वागतो. बटण दाबण्याआधी विचार करतो.

पण खरं सांगू? संग्राहक दोघे भेटले की "फोटो कसे येतात?" असं कोणी विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "केवढ्याला मिळाला?" आकडा जितका लहान, तितका मान मोठा. जुन्या बाजारात दोनशेला मिळालेला कॅमेरा दुकानात दहा हजारांना घेतलेल्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक सुंदर दिसतो, हा प्रकाशशास्त्राचा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, पण खरा आहे. त्या नियमानेच माझा घात केला.

नोव्हेंबर महिना. बँकेत पेन्शनर मंडळींची हयातीच्या दाखल्यासाठी रांग. आपण जिवंत आहोत हे लेखी द्यायला येणाऱ्या माणसांशी मी जरा जास्तच अदबीने वागतो. त्यांतल्या एक काकू सही करता करता म्हणाल्या, "तुम्ही जुने कॅमेरे घेता म्हणे? ह्यांचा एक पडलाय. कपाटं रिकामी करतेय. येऊन बघाल का?"

गेलो. चामडी पिशवीतून त्यांनी तो काढला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. सुपर इकोंटा! नऊ बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह देणारा, झाइसचं टेसार भिंग असलेला. चार काचांचं हे भिंग १९०२ साली निघालं आणि त्याच्या नकलांवर निम्म्या जगाचे फोटो निघाले. शिवाय अंतर जुळवायची सोय : खिडकीतून पाहिलं की माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात, चाक फिरवून त्या एकावर एक बसल्या की अंतर बरोबर. भाता शाबूत, शटर टिकटिकतंय. माझ्या अंदाजाने पंधरा हजारांची वस्तू.

काकूंनी विचारलं, "दोनशे रुपये फार होतील का हो?"

मी म्हणालो, "छे, छे, काकू, पाचशे घ्या."

त्या गहिवरल्या. "किती चांगले आहात हो तुम्ही," म्हणाल्या आणि चहाबरोबर बेसनाचा लाडू दिला. तो मी खाल्ला. म्हणजे बघा, वरचे तीनशे रुपये देऊन मी साडेचौदा हजारांचं मौन विकत घेतलं आणि वर आशीर्वादाची पावती घेऊन आलो.

रात्री झोप लागेना. मी बी. कॉम. आहे. वाणिज्य शाखेचा माणूस अशा वेळी देवाचा धावा करत नाही, कायद्याचा करतो. आम्हाला १८७२ चा करार कायदा शिकवला होता. त्याच्या पंचविसाव्या कलमाखाली एक उदाहरण आहे : एक जण हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायला राजीखुशीने तयार होतो. करार वैध. मोबदला अपुरा म्हणून तो मोडत नाही. शिवाय १९३० चा मालविक्री कायदा खरेदीदाराला सावध राहा म्हणतो. विकणाऱ्याने सावध राहावं असं मला कोणी शिकवलं नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने घोडा माझा होता. फक्त तो रात्रभर माझ्या उशाशी खिंकाळत होता.

मी स्वतःची वकिलीही करून पाहिली. भिंगांमधला फरक ओळखायला मी पंधरा वर्षं घालवली आहेत. डॉक्टर आपल्या ज्ञानाचे पैसे घेतो, मग मी का नको? जुन्या बाजारातल्या विक्रेत्याशी मी असाच वागतो आणि मला गाढ झोप लागते. ते खरंच आहे. पण तोही मला बंद पडलेलं शटर "एकदम चालू" म्हणून विकतो. तिथे दोघेही पत्ते लपवून बसलेले असतात आणि दोघांनाही ते ठाऊक असतं. काकूंनी मात्र भाव सांगितला नव्हता. भाव विचारला होता. "फार होतील का हो?" हा प्रश्न होता आणि तो बँकेतल्या माणसाला विचारला होता. जिथे भाव सांगतात तो बाजार. जिथे भाव विचारतात तिथे बाजार संपलेला असतो.

आणि बँकेतला माणूस तरी कसा? काउंटरवर कोणी चुकून एक नोट जास्त दिली तर मी दारापर्यंत हाक मारतो. संध्याकाळी रोकड जास्त भरली तर ती खिशात जात नाही. वेगळी नोंद करून तिचा धनी शोधावा लागतो. काउंटरच्या आतला मी आणि बाहेरचा मी, खिडकीतून पाहावं तशा ह्या दोन प्रतिमा काही केल्या एकावर एक बसेनात.

वरच्या मजल्यावर तत्त्वज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्यापुढे मी प्रश्न ठेवला, अर्थात "माझ्या एका मित्राचा" म्हणून. ते म्हणाले, हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. सिसरोने ख्रिस्तपूर्व ४४ साली मुलासाठी कर्तव्यावर ग्रंथ लिहिला, त्यात स्केव्होला नावाचा एक रोमन आहे. त्याला जमीन घ्यायची होती. विकणाऱ्याने ठरवलेली किंमत सांगितली. हा म्हणाला, माझ्या मते हिची किंमत जास्त आहे, आणि वर एक लाख नाणी मोजली. सिसरो सांगतो की हा माणूस सज्जन, हे सगळे कबूल करतात. पण शहाणा म्हणायला कोणी तयार होत नाही. आणि सज्जनपणा नि शहाणपणा अशी वाटणी करणं, हाच त्याच्या मते सगळ्या अनर्थाचा उगम.

"तुमच्या मित्राला सांगा," प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "की लवकर जा."

"जायला किती उशीर झाला तर चालतो?" मी विचारलं.

"त्याबद्दल सिसरोने काही लिहिलेलं नाही. स्केव्होला लगेच बोलला होता."

मी आठ दिवसांनी गेलो. काकूंना सगळं सांगितलं. पंधरा हजार, टेसार, सगळं. मला वाटलं होतं, पुन्हा गहिवरतील. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे त्या दिवशी माहीत होतं तुम्हाला?"

ऑडिटरच्या प्रश्नांना तोंड देण्यात माझी हयात गेली आहे. ह्या प्रश्नाला एकच उत्तर होतं. "हो," म्हणालो.

"मग लाडू उगाच दिला," काकू म्हणाल्या.

कॅमेरा परत घ्या म्हटलं, तर म्हणाल्या, "मला काय करायचाय? मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, त्यासाठीच तर कपाटं उपसतेय. पैसे द्या." साडेचौदा हजार मी तीन हप्त्यांत भरले. घरी ते कळल्यावर दोन दिवस आमटीला मीठ कमी होतं. तिसऱ्या दिवशी ही आपणहून म्हणाली, "पहिला हप्ता जरा मोठा भरा. डोळ्यांचं काम आहे."

तेव्हापासून मला एक हिशेब सुटलेला नाही. मुद्दल फिटली, पण प्रामाणिकपणा आठ दिवस उशिरा जमा झाला तर त्या आठ दिवसांचं व्याज कोणत्या दराने लावायचं? आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा दर लावलेला बोर्ड आहे. त्यावर हा नाही.

ऑपरेशननंतर मी त्याच कॅमेऱ्याने काकूंचा फोटो काढला, रोलवरचा आठवा. खिडकीत दोन काकू दिसत होत्या. चाक हळूहळू फिरवलं, तशा त्या सरकत सरकत एक झाल्या. फोटो मोठा करून नेऊन दिला. नव्या डोळ्याने त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "सुरकुत्या सगळ्या आल्यात हो!"

"भिंग चांगलं आहे, काकू."

"पंधरा हजारांचं आहे, येणारच," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन बशीत लाडू घेऊन आल्या. अर्धा.

परवा एका संग्राहक मित्राने विचारलं, "सुपर इकोंटा केवढ्याला मिळाला?" आकडा सांगितल्यावर तो हळहळला. "फसलास लेका!" म्हणाला. मी स्केव्होलाची गोष्ट सांगणार होतो, पण त्याचे आठ दिवस वाचलेले होते आणि माझे नव्हते, म्हणून गप्प बसलो. भिंतीवर लावण्याजोगा फोटो मात्र आता एक आहे. तो काकूंच्या भिंतीवर आहे.