आईची शाळा, मुलाचे आयुष्य



परवा मिस्सानंतर एका मातेने औषधाची बाटली आमच्यापुढे धरली. "फादर, हे किती वेळा द्यायचं?" चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती. चुकीचा डोस जाऊन बाळाचे काही बरेवाईट झाले असते, तर दोष कोणाचा? जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही असेच विचारले होते, पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे? प्रभूने दोघांनाही दोष दिला नाही.

तरीही आईबापांच्या शिक्षणावर मुलांचे आयुष्य अवलंबून असते, हे नाकारता येत नाही. 2021 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा आढावा आला. आई बारा वर्षे शिकलेली असेल, तर अजिबात न शिकलेल्या आईच्या तुलनेत पाच वर्षांखालील मुले दगावण्याचा धोका 31 टक्क्यांनी कमी. वडील तेवढे शिकलेले असतील, तर 17 टक्क्यांनी. तेव्हा बाप्यांनीही अंग काढून घेऊ नये!

पण शिक्षण म्हणजे कोणते? आपल्या खुटबावनंतरचे स्टेशन केडगाव. तिथल्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंच्या वडिलांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमाबाईंना. एवढे विद्वान घर. पण 1870 च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण उपासमारीने गेली. पोट भरण्याचे कसलेही व्यवहारी शिक्षण आपल्याला मिळाले नव्हते, ही खंत रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी स्त्री शिक्षिका मागितल्या, तशाच स्त्री डॉक्टरही. आणि केडगावला दुष्काळातून आणलेल्या मुलींना अक्षरांबरोबर विणकाम, छपाई, शेतीही शिकवली.

शेजारच्या जिल्ह्यात जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यांतील बायकांनाच आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या. तरी बालमृत्यू घटले. म्हणून अडाणी आईला बोल लावणे आम्हांला पटत नाही. तिला कोणी सांगितले नाही, किंवा ती सांगत असताना घरात कोणी ऐकले नाही, दोष तिथे शोधावा.

दिवाळीच्या सुमारास आपल्या शिवारात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात. आईबाप फडात आणि नऊदहा वर्षांची पोर धाकट्याला काखेत घेऊन कोपीवर. तिची शाळा गावी राहिली. काही वर्षांनी तीच आई होणार. या हंगामात अशा मुलींना गावच्या शाळेत नेऊन बसवायला, संध्याकाळी तासभर शिकवायला कोण येईल? पुढच्या रविवारी मिस्सानंतर आम्ही वही घेऊन दाराशी उभे राहू.