ऑपरेशनच्या आधीची वर्षं

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचं जे चित्र दिसतं, ते आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्यात काही खटकतच नाही. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी जवळपास निम्म्यांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. नसबंदी केलेले नवरे शंभरात एकसुद्धा भरत नाहीत. तांबी, गोळ्या, इंजेक्शन यांचा वाटा सगळा मिळूनही किरकोळच.

बाईचं ऑपरेशन हे खात्रीचं साधन आहे, याबद्दल वाद नाही. दोन मुलं झाली, तिसरं नको, असं जिने स्वतः ठरवलंय तिची काळजी एकदाची मिटते. माझं म्हणणं त्याआधीच्या वर्षांबद्दल आहे. एकोणीस-विसाव्या वर्षी लग्न, वर्षाच्या आत पाळणा, ते मूल अंगावर पीत असतानाच पुन्हा दिवस, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन. असा क्रम असलेली घरं गावोगाव सापडतील. बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान दोन वर्षं जावीत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण साधनाची खरी निकड असते त्याच काळात या मुलीच्या हातात काहीच नसतं. मग पाळी चुकली की नवरा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय गर्भपाताच्या गोळ्या आणतो, आणि रक्तस्राव थांबेना झाला की तालुक्याला धावाधाव होते.

साधनं नाहीत म्हणावं तर तसंही नाही. निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, तांबी, अंतरा हे इंजेक्शन, हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. तरी भर राहिला तो ऑपरेशनवरच, कारण मुळात १९५२ साली देशाचा कुटुंब नियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला तो लोकसंख्येच्या धास्तीतून. ऑपरेशनं मोजता येतात, वरच्या कार्यालयाला कळवता येतात. दोन मुलांत अंतर राखलं गेलं म्हणून एखादी बाई धडधाकट राहिली, याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? १९९६ साली ऑपरेशनची उद्दिष्टं कागदावरून गेली, पण घाई गेली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच शल्यविशारदाने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली आणि त्यानंतर डझनाहून अधिक जणी दगावल्या. अशी शिबिरंच बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली सांगावं लागलं.

आपल्याकडे संततिनियमनाच्या विचाराची सुरुवात वेगळी झाली होती, म्हणूनच मला याचं फार वाईट वाटतं. १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाईला मूल नको असेल तर कारण काहीही असो, ते टाळणं तिला शक्य झालं पाहिजे, अशी त्यामागची भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. पुढे सरकारने संततिनियमन स्वीकारलं, पण बाई त्याच्या केंद्रस्थानी राहिली नाही.

ती केंद्रस्थानी असली की 'सगळ्यात सुरक्षित साधन कोणतं' हा प्रश्नच बदलतो. सुरक्षित कुणाला, हे आधी सांगावं लागतं. रक्तदाब वाढलेला असेल तर माला-एन नको, कारण तिच्यात इस्ट्रोजेन आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, तरी नको. तिथे छाया चालते, कारण तिच्यात हार्मोन नाहीत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदाच घ्यायची असते. क्षयाच्या उपचारात रिफॅम्पिसिन चालू असेल, तर माला-एनसारख्या गोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. शरीरसंबंधातून लागणाऱ्या आजारांपासून तर निरोधाखेरीज यातलं एकही साधन वाचवत नाही.

परिणामकारकतेचंही तसंच. माला-एन एकही दिवस न चुकता घेतली, तर वर्षभरात शंभरातल्या एखादीलाही दिवस जात नाहीत. प्रत्यक्षात सहा-सात जणींना जातात. पहाटे चारला उठून ऊसतोडीला फडात जाणाऱ्या बाईला रोज ठरलेल्या वेळी गोळी आठवावी, ती सासूच्या नजरेआड ठेवावी, आणि कोपीवर राहत असताना पाकीट संपलं तर नवं मिळावं, हे सगळं जमायला हवं. तांबीला यातलं काही लागत नाही. एकदा बसवली की पाच किंवा दहा वर्षं ती रोज काही लक्षात ठेवायला लावत नाही.

अंतराचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन, घरात कुणाला कळतही नाही. पण त्याने पाळी अनियमित होते, पुढे बहुतेकींची थांबतेच. पाळी आली नाही की रक्त आत साठून गाठ होते, ही समजूत घरोघर आहे. ज्या बाईला आधी कुणी सांगितलेलं नसतं ती घाबरते, पुढचं इंजेक्शन चुकवते आणि शेजारणीलाही घेऊ देत नाही. तिलाच नर्सबाईंनी पहिल्या दिवशी पाच मिनिटं देऊन सांगितलं, "ताई, पाळी थांबेल, पण आत काही साठत नाही, अस्तर तयारच कमी होतं," तर तीच बाई पुढची तारीख लक्षात ठेवून येते. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात, हेही तेव्हाच सांगायला हवं. पुढच्या वर्षी मूल हवं असणाऱ्या नव्या सुनेसाठी ही किरकोळ गोष्ट नाही.

आणि साधन सोडण्याचा हक्क? तो तर आपण विसरूनच गेलो आहोत. पाळीत जास्त जातं, पोटात दुखतं म्हणून तांबी काढून घ्यायला आलेल्या बाईला 'दहा वर्षांची आहे, एवढ्यात कशाला?' म्हणून परत पाठवणं ही तिची फसवणूक आहे. हवी तेव्हा काढून मिळते, हे एकीला दिसलं की दहा जणी बसवून घ्यायला धजावतात. अडवलं, तर त्या दहा जणी ऑपरेशनपर्यंत थांबतात.

नवऱ्यांचा विषय सगळ्यात शेवटी येतो, हाच त्यातला खरा दोष. सुरुवातीला सांगितलेल्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे ३५ टक्के पुरुषांनी सांगितलं की ही बायकांची बाब आहे. वास्तविक बिनटाक्याच्या नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो. बाईच्या ऑपरेशनपेक्षा जोखीम कितीतरी कमी. १९७६-७७ या एका वर्षात देशात साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यात जबरदस्ती होती, आणि त्या दहशतीने हे साधन पार बदनाम झालं. पण बदनामीला आता जवळपास पन्नास वर्षं होत आली. अशक्तपणा येतो, जड काम होत नाही, पुरुषत्व जातं, या गैरसमजांना एवढ्या वर्षांत कुणी समोर बसून उत्तर दिलं? ऑपरेशननंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यायची, हे न सांगितल्यामुळे बायकोला दिवस गेले तर संशय तिच्यावरच येतो.

आशाताईंनी हे दुसरीच्या नवऱ्याशी ओसरीवर बसून बोलावं, अशी अपेक्षा धरणं बरोबर नाही. उपकेंद्रावर आरोग्यसेवक हे पुरुषाचं पद आहेच. ताप-हिवतापाच्या फेऱ्यांत तो घराघरांत जातो, त्याला सगळे ओळखतात. नवं लग्न झालेल्या प्रत्येक घरात पहिलं मूल होण्याआधी त्याने नवऱ्याशी एकदा आणि बाळंतपणानंतर पुन्हा एकदा बोलायचं, हे त्याच्या कामात लेखी घालायला हवं.