प्रवाहातील स्थैर्य

बीड जिल्ह्याची उत्तर सरहद्द बव्हंशी जिने आखली त्या गोदावरीत, राक्षसभुवनाच्या परिसरात, लहानशी वल्ह्याची होडी घेऊन गळ टाकू पाहणाऱ्यास प्रथम नांगराचा बंदोबस्त करावा लागतो. आणि त्या बंदोबस्तात, माझ्या मते, वैराग्याचा एक पुरातन प्रश्न दडलेला आहे. दोर आखूड असेल, तर प्रवाहाची ओढ नांगराला वर उचलते. तो खोलीच्या पाचसात पट सोडला, म्हणजे ओढ आडवी होऊन नांगर तळ धरतो. शिवाय तो नाळेलाच बांधावा. कुशीला बांधल्यास होडी प्रवाहाला आडवी होऊन उलटण्याचे भय असते. स्थिर राहावयाचे ते प्रवाहाला सन्मुख होऊनच! संसारापासून पराङ्मुख होणे हेच स्थैर्य मानणाऱ्या साधकांना मी आदरपूर्वक विचारतो, की प्रवाहच नसेल तर नांगराचे प्रयोजन काय? ज्यांची समाधी याच जिल्ह्यात अंबाजोगाईस दाखवितात, त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधू’त अद्वैत मांडले ते लोकांच्या मराठीत, लोकांपासून तोंड फिरवून नव्हे. मात्र पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सुटून पात्र चढू लागले, की दोर तत्काळ सोडता आला पाहिजे. अन्यथा तोच नांगर नाळ पाण्याखाली ओढतो. व्रतनियमांविषयीही माझे मत याहून निराळे नाही.