जिंजी चढायचीय की नुसती ठरवायचीय?

आणखी एक यादी पाठवलीस? वाचली. टोपी, गोळ्या, पॉवर बँक, टी-शर्टावर छापायचं चित्र. सगळं आहे. तारखेचा रकाना तेवढा कोरा. तो कोण भरणार, मी?

किती वेळा ठरवलीस रे ही जिंजी? मार्चात ऊन आडवं आलं. नोव्हेंबरात पाऊस. डिसेंबरात तू गावी. जानेवारी-फेब्रुवारीत तर हवा चांगली असते, तेव्हा काय झालं? म्हणे, ‘ग्रुपमधल्या सगळ्यांचं जमत नाही.’ सगळ्यांचं जमायला हे लग्न आहे का? नाचता येईना, अंगण वाकडं!

जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हा सगळ्यांत आधी तुझं स्टेटस. भगवा झेंडा, तुतारी, फुगलेली छाती. त्या 12 मधले 11 महाराष्ट्रात. बारावा म्हणजे हीच जिंजी, तुझ्या चेन्नईपासून दीडशे किलोमीटरवर. लोक पुण्याहून येऊन चढून जातात आणि तू इथे राहून त्यांच्या फोटोंना बदाम टाकतोस. लाज नाही वाटत?

अडचण काय आहे, सांग ना. किलांबाक्कमहून तिरुवण्णामलैची बस धर, तिंडीवनमवरून ती जिंजीलाच जाते. पौर्णिमा टाळ, तिरुवण्णामलैच्या गिरिप्रदक्षिणेची गर्दी असते. पहाटे नीघ. रेंगाळत दुपारी पोहोचलास तर राजगिरीवर, म्हणजे किल्ल्याच्या मुख्य डोंगरावर, सोडणार नाहीत. राजगिरी साधारण आठशे फूट. दगडी पायऱ्या, माथ्याजवळ खोल घळ, तिच्यावर पूल, पलीकडे दरवाजा. पाणी भरपूर घे. खाऊ पिशवीत नीट कोंब, माकडं हातातलं हिसकावतात. झालं प्लॅनिंग! याला वर्ष लागतं?

दम लागेल म्हणतोस. लागेलच. दिवसभर खुर्ची उबवल्यावर दुसरं काय होणार? शहरातच सेंट थॉमस माउंट आहे, सव्वाशेच्या वर पायऱ्या. लोकल जाते, मेट्रो जाते. सरावाला एकदा तरी गेलास? बूट मात्र नवेकोरे घेऊन ठेवलेस. तळव्यांना अजून धूळ नाही.

कॉलेजात असताना हरिश्चंद्रगडावर दमलेल्या मित्राची सॅकसुद्धा आपल्या पाठीवर घेणारा तूच ना? म्हणून तर डोकं फिरतं. ज्याच्यात धमकच नाही, त्याच्यावर मी तोंड वाजवत नाही.

1689 मध्ये राजाराम महाराज वेष पालटून निघाले. मागावर मोगल, पुढे परका मुलूख. तरी पन्हाळ्याहून जिंजी गाठली आणि तिथून राज्य चालवलं. मोगलांचा झुल्फिकारखान 1690 मध्ये वेढा घालून बसला, किल्ला हाती यायला 1698 उजाडलं. त्याच्यासमोर तटावर मराठे उभे होते. तुझ्यावर कोण तोफ डागतंय?

खरं सांगू? तुला चढण्याची भीती नाहीच. ‘जाणार आहे’ म्हटलं की चार जण वाहवा करतात, आणि तेवढ्यावर तुझं पोट भरतं. न चढताच शाबासकी मिळतेय, मग पाय कशाला झिजवायचे?

येत्या शनिवारी जा. कुणी आलं तर ठीक, नाही तर एकटा जा. तेही जमत नसेल, तर तो ग्रुप बंद कर आणि पुन्हा महाराजांच्या नावाचं स्टेटस लावू नकोस.