भूतदया आणि राखणीचा कोंबडा

मालवण किनाऱ्यावर मासळी हे नित्याचे अन्न व गाबित समाजाची उपजीविका होय. येथे सामिष आहारास सरसकट पाप म्हणणे उचित नव्हे. संयमही येथे आहेच: माशांच्या प्रजननकाळात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, श्रावणात अनेक घरी सामिष वर्ज्य असते. परंतु राखणदाराचा कोंबडा पाय बांधून, उलटा टांगून, तहानलेला आणला जातो, तेव्हा भूतदया कोठे राहते? अशी क्लेशदायक वाहतूक १९६० च्या कायद्यानेही गुन्हाच आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवास पाजल्याची कथा सर्वश्रुत आहे. भाविकांनी कोंबडा हवेशीर टोपलीतून आणावा, सावलीत ठेवावा व प्रथम त्यास पाणी द्यावे.