ठेव कोणाची?

दीर्घकाळ घर सोडताना आपण दाराला कुलूप लावतो आणि किल्ली शेजाऱ्याच्या हाती देतो. मुंबई सोडताना आम्हीही तेच केले. मग सामान राखतो कोण, कुलूप की शेजारी?

जर्मनी सोडणाऱ्या यहुदी कुटुंबांनी आपले घरसामान मोठमोठ्या लाकडी पेट्यांत भरून हॅम्बुर्ग बंदरात पाठविले होते. १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि हजारो पेट्या तेथेच अडकल्या. १९४१ पासून गेस्टापोने त्या जप्त करून लिलावात काढल्या. कपाटे, चादरी, भांडी सामान्य नागरिकांनीच स्वस्तात घरी नेली. राज्यच चोर झाल्यावर कुलूप काय करणार? पण ‘आम्ही पैसे मोजून घेतले’ म्हटल्याने घेणारा निर्दोष ठरतो काय?

त्याच देशात वर्म्स शहरातील सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळण्यात आले. तेथील १२७२ सालचा हस्तलिखित मखझोर मात्र नगराच्या दप्तरखान्याचे प्रमुख इलर्ट यांनी जपला. ते यहुदी नव्हते. १९५७ मध्ये तो ग्रंथ यरुशलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोहोचला.

निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात ठेव राखणाऱ्याची जबाबदारी सांगितली आहे. मालक परतो वा न परतो, ठेव त्याचीच. उद्या कोणी आपल्या हाती किल्ली दिली, तर एवढे स्मरणात असू द्यावे.